आधी इजाजत, मग कॅमेरा

सदर : घरचे तंत्र



लग्नसराई जवळ आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. घरच्या घरी, थोड्या पैशांत कार्यक्रमाचा चांगला व्हिडिओ करता येईल का? हा प्रश्न फक्त निकाहपुरता नसतो. मदरशाचा सालाना जलसा असतो, लेकराची बिस्मिल्लाहखानी असते, नातवाचा अकीका असतो, हजला निघालेल्या आजी-आजोबांना निरोप द्यायचा असतो. आमच्या वरणगावात आणखी एक कार्यक्रम असतो, तो म्हणजे फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या अब्बांचा किंवा चाचांचा घरचा सत्कार. तीस-पस्तीस वर्षे रोज शिफ्टला जाणारा माणूस त्या दिवशी हार घालून अंगणात खुर्चीवर बसतो आणि दोन शब्द बोलतो. ते दोन शब्द पुढे ऐकायला मिळावेत, एवढीच घरच्यांची इच्छा असते.

उत्तर सरळ आहे. करता येतो, आणि तीन हजारांच्या आत करता येतो. पण प्रश्नाचे भाग दोन आहेत. व्हिडिओ कसा काढायचा हा एक, आणि तो कोणाला दाखवायचा हा दुसरा. बहुतेक घरांत पैसा आणि काळजी पहिल्या भागावर खर्च होते, आणि दुसरा भाग व्हॉट्सॲपच्या हवाली केला जातो. या वेळी दोन्ही भाग नीट पाहू.

पैशांची अडचण किती मोठी?

कमी पैशांत काय होऊ शकते, याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच शेजारी आहे. धुळ्याच्या पुढे मालेगाव. यंत्रमागांचे हे शहर आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, थांबते. याच शहरात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' नावाचा विनोदी चित्रपट काढला. कॅमेरा साधा व्हिडिओचा, कलाकार गावचेच, खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. संकलनासाठी महागडी यंत्रे नव्हती, म्हणून दोन व्हीसीआर जोडून दृश्यामागे दृश्य लावले गेले. लोकांनी व्हिडिओ पार्लरमध्ये गर्दी करून तो पाहिला. पुढे याच मंडळींनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. तो कसा तयार झाला याचा माहितीपट फैजा अहमद खान यांनी २००८ साली बनवला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. त्यात सायकलवर बसून पळती दृश्ये कशी घेतली आणि बैलगाडीची क्रेन कशी झाली हे दिसते. सुपरमॅन झालेले शफीक शेख हे मागावर काम करणारे कामगार होते. २०२५ साली या सगळ्या गोष्टीवर रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट देशभर लागला. त्याच मालेगावातून निघालेले छोटू दादांचे खान्देशी विनोदी व्हिडिओ आज यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले जातात.

या मंडळींकडे पैसा नव्हता, पण आधी ठरवलेले होते. आज कोणते दृश्य, कोण कुठे उभा राहणार, उजेड किती वाजेपर्यंत, हे माहीत असल्यामुळे टेप वाया जात नव्हती. आपल्या खिशातला आजचा फोन त्यांच्या त्या वेळच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट चित्र घेतो. आपल्याकडे कमी पडते ते ठरवणे.

मात्र एका बाबतीत मालेगावचा कित्ता आपल्याला चालणार नाही. तिथे कॅमेऱ्यासमोर जो आला तो लोकांनी आपल्याला पाहावे म्हणूनच आला होता. आपल्या घरच्या कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर येणारी निम्मी माणसे दुआ द्यायला आणि जेवायला आलेली असतात. बायकांच्या बाजूला बसलेली खाला, डोक्यावरचा दुपट्टा बाजूला ठेवून मेहंदी काढून घेणारी मुलगी, कडेवर झोपलेले लेकरू, यांना कोणी विचारलेले नसते.

पाहणारे कोण, हे आधी ठरवा

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी घरातल्या चार माणसांनी बसून एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात.

पहिली ओळ : हा व्हिडिओ सगळ्यांसाठी. म्हणजे स्टेटसला लावला, मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये गेला, तरी कोणाची हरकत नाही असा. दीड मिनिटाचा पुरे. मंडप, दूल्हा, काझीसाहेब, दुआ, मुबारकबादी.

दुसरी ओळ : हा खानदानासाठी. वीस मिनिटांपर्यंतचा. यात भाषणे, बुजुर्गांची दुआ, निकाहचा पूर्ण खुत्बा, जेवणाची पंगत, रुखसतीचा पुरुषांकडचा भाग.

तिसरी ओळ : हा फक्त दुल्हनचा. बायकांच्या बाजूला जे काही चित्रित होईल ते सगळे यात. ते तिच्या हाती जाणार. पुढे कोणाला दाखवायचे हे ती ठरवील.

या तीन ओळी लिहिल्या की बाकीची कामे सोपी होतात. कोणता फोन कुठे, कोणाच्या हातात, कोणते दृश्य घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हे सगळे त्यातून निघते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. निकाहच्या वेळी दुल्हनची इजाजत विचारायला वकील आणि दोन गवाह तिच्याकडे जातात. ती 'हो' म्हणेपर्यंत बाहेर सगळे थांबतात. व्हिडिओच्या बाबतीत मात्र तिला कोणी विचारत नाही. फोन रोखलेला असतो आणि नव्या घराकडे निघालेली मुलगी त्या क्षणी 'नको' म्हणू शकत नाही. म्हणून हे आठ दिवस आधी विचारा, आणि आईने किंवा बहिणीने एकटीत विचारावे. चेहरा दिसलेला चालेल का? कोणत्या व्हिडिओत? सासरच्या ग्रुपमध्ये गेला तर? तिचे उत्तर दूल्ह्याच्या घरीही कळवून ठेवावे, कारण फोन दोन्ही घरांत असतात.

सामान आणि खर्च

दोन फोन लागतात, आणि ते घरात असतातच. बाकी सामान असे :

ट्रायपॉड, म्हणजे फोनचा तीन पायांचा स्टँड. पाच फुटांपर्यंत उंच होणारा घ्या. साधारण आठशे ते बाराशे रुपये.

वायरचा कॉलर माईक, जो शेरवानीच्या किंवा कुर्त्याच्या गळ्याशी अडकवतात. साधारण पाचशे ते आठशे. फोनला हेडफोनची गोल खाच नसेल तर टाइप-सीचा जोड वेगळा घ्यावा लागतो, तो विसरू नका.

दोन पेनड्राइव्ह. साधारण आठशे ते हजार.

पॉवर बँक बहुधा घरात असते. नसेल तर शेजारून मागून आणा.

हे सामान तीन हजारांत बसते, आणि एकदा घेतले की मोहल्ल्यातल्या दहा घरांना पुरते. चार घरांनी मिळून घेतले तर खर्च आणखी कमी.

फोनमध्ये जागा किती हवी? फुल एचडी, म्हणजे १०८०पी, या दर्जात एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण सव्वाशे एमबीपर्यंत जागा घेतो. तासाला सात-साडेसात जीबी. फोरके ठेवले तर जागा जवळपास तिप्पट लागते आणि फोनही लवकर तापतो. घरच्या टीव्हीवर पाहायला १०८०पी भरपूर आहे. आदल्या रात्री फोनमध्ये पंधरा-वीस जीबी मोकळी करा. ऐन खुत्ब्यात 'जागा शिल्लक नाही' हा संदेश येऊ नये.

आवाज आधी

चित्र थोडे हलले तर लोक चालवून घेतात. आवाज कळला नाही तर व्हिडिओ दुसऱ्यांदा कोणी लावत नाही. शादीखान्यात पंखे, भांडी, लेकरे आणि लाउडस्पीकरचा घुमारा या सगळ्यांत काझीसाहेबांचा आवाज हरवतो. वीस फुटांवरून फोन धरून तो सापडत नाही.

उपाय असा. कॉलर माईक दुसऱ्या फोनला जोडा, त्या फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड करण्याचे ॲप सुरू करा, आणि काझीसाहेबांची परवानगी घेऊन माईक त्यांच्या माईकच्या दांडीला बांधा किंवा समोरच्या चौरंगावर ठेवा. कॅमेऱ्याचा फोन ट्रायपॉडवर राहील. दोन्ही सुरू झाल्यावर कार्यक्रमाआधी एकदा मोठ्याने टाळी वाजवा. नंतर जोडताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एका जागी आणली की दोन्ही जुळतात. मग फोनच्या कॅमेऱ्याचा मूळ आवाज बंद करून टाका.

रेकॉर्डिंगच्या दोन्ही फोनना एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर 'कुबूल है' म्हणायच्या क्षणी कोणाचा तरी 'हॉल कुठे आहे?' असा फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटते.

मशिदीत निकाह असेल तर आदल्या दिवशी इमामसाहेबांना आणि मुतवल्लींना विचारून घ्या. काही ठिकाणी चित्रीकरण चालत नाही, तिथे आग्रह धरू नये. आवाजाची इजाजत मिळाली तर तेवढी घ्या. कुर्त्याच्या खिशातल्या फोनवर घेतलेला खुत्बा आणि दुआ ही आठवण काही कमी नाही. परवानगी असेल तरी ट्रायपॉड सफ्यांच्या मध्ये लावू नका, एका खांबाशी लावा, आणि नमाज सुरू होण्याआधी कॅमेरा बंद करा.

दहा दृश्ये पुरेत

नवशिक्याची सवय अशी असते की रेकॉर्डिंग सुरू करायचे आणि तासभर फोन फिरवत राहायचा. त्यातून डोळे दुखणारा व्हिडिओ होतो. त्याऐवजी दहा दृश्यांची यादी करा. दारावरचे तोरण आणि रोषणाई. पाहुण्यांचे स्वागत करणारे घरातले बुजुर्ग. दूल्ह्याचा सेहरा बांधणारे हात. निकाहनाम्यावरची सही. खुत्बा. 'कुबूल है'. दुआसाठी उठलेले हात. गळाभेट. खजूर वाटणारी मुले. रुखसतीची गाडी. खुत्बा आणि कुबूल सोडून प्रत्येक दृश्य दहा सेकंद, फोन न हलवता. मनात दहा मोजा आणि बंद करा.

फोन आडवा धरा. उभा व्हिडिओ टीव्हीवर दोन्ही बाजूंनी काळ्या पट्ट्या घेऊन येतो. स्टेटससाठी उभे दृश्य हवेच असेल तर ते वेगळे घ्या. झूम करू नका, दोन पावले पुढे जा. कोपरे बरगड्यांना टेकवून धरले की हात थरथरत नाही. लेन्स आधी मऊ सुती कापडाने पुसा. अत्तर आणि बिर्याणीचा हात लागलेल्या लेन्समधून सगळे धुक्यात दिसते.

आपल्याकडची आणखी एक अडचण पांढऱ्या रंगाची आहे. पांढरे कुर्ते, पांढऱ्या टोप्या, मागे चुन्याची भिंत. फोनला वाटते उजेड फार आहे, म्हणून तो चित्र गडद करतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट ठेवून क्षणभर दाबून धरा. फोन चेहऱ्याप्रमाणे उजेड धरतो आणि बहुतेक फोनमध्ये तो तिथेच कायम होतो. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचे चित्रण करू नका, त्याला खिडकीकडे तोंड करून बसवा.

आणि खान्देशचे ऊन! मे महिन्यात भुसावळ-वरणगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मंडपाच्या पत्र्याखाली फोन तापून रेकॉर्डिंग आपोआप थांबते. फोनचे जाड कव्हर काढून ठेवा. पडद्याची चमक कमी करा. रेकॉर्डिंग चालू असताना चार्जिंग शक्यतो नको. ट्रायपॉड पंख्याच्या किंवा कूलरच्या वाऱ्यात उभा करा. तापलेला फोन बर्फावर किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका, आत ओल धरते. सावलीत पाच मिनिटे बंद करून ठेवला की पुरे. म्हणूनच दोन फोन.

ड्रोनचे पैसे वाचवा

हल्ली पॅकेजमध्ये ड्रोन असतो. वरणगावकरांनी याबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपल्या गावाची ओळख असलेली ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ पासून बंदुकीची काडतुसे बनवते. सरकारी दारूगोळ्याचा कारखाना हा १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यानुसार 'प्रतिबंधित जागा' आहे. त्याचे चित्रण, मग ते लग्नाच्या व्हिडिओत मागे दिसणारे का असेना, टाळलेच पाहिजे. दुसरे, २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडले आहेत. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. पैसे घेऊन अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागते. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चौकशी होईल ती लग्नघराची. आणि ड्रोन घराच्या गच्चीवरून जातो, तेव्हा शेजारच्या अंगणातल्या बायकाही त्यात येतात. त्यांना तरी कोणी विचारले? गच्चीवरून फोनने घेतलेले मंडपाचे एक दृश्य पुरे आहे.

फॅक्टरीतल्या निवृत्तीचा व्हिडिओ करतानाही हेच. गेटवर, कॉलनीच्या फाटकाशी कॅमेरा काढू नका. सत्कार घरी करा, चित्रणही घरीच.

बायकांच्या बाजूला

इथले चित्रण घरातल्या एखाद्या मुलीने करावे. हौस असलेली एक तरी भाची किंवा भावजय प्रत्येक घरात असतेच. तिला वर सांगितलेल्या चार गोष्टी शिकवा आणि आदल्या दिवशी अर्धा तास सराव करू द्या. सुरुवातीला तिने मोठ्याने सांगावे, 'आता रेकॉर्डिंग सुरू करतेय, ज्यांना यायचे नसेल त्यांनी या कोपऱ्यात बसा.' कोपरा चांगला निवडा, पंख्याखालचा. म्हणजे कॅमेरा टाळणे ही कोणाला शिक्षा वाटणार नाही.

फोन कोणाचा, हा प्रश्न इथे फार मोठा आहे. आपल्याकडे बऱ्याच बायकांच्या फोनमधले गुगल खाते भावाने, मुलाने किंवा दुकानदाराने उघडून दिलेले असते. कधी तेच खाते घरातल्या तीन फोनांत चालू असते. गुगल फोटोजचे बॅकअप सुरू असेल, तर या फोनवर काढलेला व्हिडिओ थोड्या वेळाने त्या खात्याच्या प्रत्येक फोनवर दिसू लागतो. कोणी पाठवलेला नसतो आणि तरी तो पुरुषांच्या बाजूला पोचतो. म्हणून कार्यक्रमाआधी गुगल फोटोज उघडा, वरच्या गोल चित्रावर दाबा, बॅकअप बंद करा. व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन फोनमधून काढून टाकल्यावर पुन्हा सुरू करा. काढून टाकलेला व्हिडिओ 'बिन'मध्ये काही दिवस राहतो, तिथूनही काढा.

जोडणे

संकलनाला घाबरू नका. फोनवर 'वीएन' नावाचे ॲप फुकट आहे. 'इनशॉट' आणि 'काइनमास्टर' यांच्या फुकट आवृत्त्या कोपऱ्यात आपले नाव छापतात. घरात संगणक असेल तर 'शॉटकट' फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. दृश्ये यादीच्या क्रमाने लावा, सुरुवातीचे आणि शेवटचे हललेले सेकंद कापा, आवाज जुळवा. सुरुवातीला नावे आणि तारीख. झाले. चकाकणारी हृदये आणि उडणारी फुले चार वर्षांनी पाहवत नाहीत.

मागे फिल्मी गाणे किंवा प्रसिद्ध नात लावून व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर हक्कदार कंपनी त्यावर दावा लावू शकते, कधी आवाजच बंद होतो. त्यापेक्षा त्या दिवशीचे खरे आवाज ठेवा. नानीची दुआ कोणत्याही संगीतापेक्षा बरी, आणि तिच्यावर कोणी दावा लावणार नाही.

वाटप : खरी परीक्षा इथे

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि चित्र पुसट होते. चांगल्या दर्जात पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जाते. ग्रुपमध्ये मात्र पहिल्या ओळीतलाच व्हिडिओ टाका. 'सर्वांसाठी डिलीट' हे बटण असले तरी तोवर चार जणांच्या गॅलरीत तो उतरलेला असतो. स्टेटस लावताना खासगीपणाच्या सेटिंगमध्ये 'फक्त यांनाच दाखवा' असा पर्याय आहे, तो वापरा. दूधवाल्यापासून बँकेच्या एजंटापर्यंत ज्यांचे नंबर आपण जपून ठेवलेले आहेत, त्यातल्या कितीतरी जणांना आपले स्टेटस दिसत असते.

यूट्यूबवर तीन दरवाजे आहेत. 'पब्लिक' म्हणजे कोणीही पाहील. 'अनलिस्टेड' म्हणजे शोधून सापडणार नाही, पण दुवा ज्याच्या हाती तो पाहील आणि पुढे पाठवील. 'प्रायव्हेट' म्हणजे आपण ज्यांचे ईमेल घातले तेवढेच. अनलिस्टेडला लोक खासगी समजतात, तो तसा नाही. दुसऱ्या ओळीतल्या व्हिडिओसाठी प्रायव्हेट वापरा किंवा गुगल ड्राइव्हवर नावे घालून वाटा. ड्राइव्हवर फुकटची जागा १५ जीबी, आणि तीच जीमेल व फोटोज यांना मिळून आहे.

आखातात असलेल्या अब्बांसाठी, भाईजानसाठी थोडी वेगळी तयारी लागते. दुबई-अबुधाबीत व्हॉट्सॲपवर मजकूर आणि व्हिडिओ पोचतात, पण व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल साधारणपणे लागत नाही. तिथे कोणते ॲप चालते ते त्यांनाच विचारून आठवडाभर आधी करून पाहा. आपल्याकडे दुपारचे दोन वाजतात तेव्हा दुबईत साडेबारा आणि रियाधमध्ये साडेअकरा, म्हणजे त्यांची ड्युटी सुरू असते. कॉल लागेलच याचा भरवसा नसतो. म्हणून निकाह होताच 'कुबूल है'चा एक मिनिटाचा तुकडा आणि मुलीच्या बापासाठी तिची स्वतःच्या आवाजातली दुआ आधी पाठवा. बाकीचे रात्री. परदेशात खोलीत सहा जणांसोबत राहणाऱ्या माणसाला तो एक मिनिट अर्ध्या तासाच्या व्हिडिओपेक्षा जास्त लागतो.

तिसऱ्या ओळीतला व्हिडिओ इंटरनेटवर नकोच. तो पेनड्राइव्हवर घाला, नाव लिहा, दुल्हनच्या हाती द्या. दुसरी प्रत तिच्या आईकडे. बऱ्याच पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, तेव्हा व्हिडिओचे दोन-तीन तुकडे करा.

एवढी सावधगिरी कशासाठी, असे कोणाला वाटेल. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' या नावांनी समाजमाध्यमांवरची मुस्लिम बायकांची छायाचित्रे उचलून त्यांचा 'लिलाव' मांडण्यात आला होता. त्यात पत्रकार होत्या, विद्यार्थिनी होत्या. मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी अटका केल्या. त्या बायकांची काहीच चूक नव्हती, आपले छायाचित्र लावणे हा त्यांचा हक्क होता. गुन्हा उचलणाऱ्यांचा होता. पण त्यातून एक गोष्ट आपण शिकायची. स्वतःचे छायाचित्र लोकांपुढे ठेवायचे की नाही हा ज्याचा-त्याचा निर्णय असतो. दुसऱ्याचे ठेवायचा निर्णय आपण घेऊ शकत नाही. आपल्या फोनमधला दुसऱ्याचा चेहरा ही अमानत आहे. कोणी गैरवापर केलाच तर लाजून गप्प बसू नका. पडद्याचे फोटो काढून ठेवा, पोलीस ठाण्यात जा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. बायका आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते.

व्हिडिओवाला बोलावणार असाल तर

सगळे स्वतःच करावे असा माझा आग्रह नाही. आपल्या गावातली कितीतरी होतकरू मुले या धंद्यावर घर चालवतात. पूर्ण पॅकेज परवडत नसेल तर त्यांना निकाहच्या दोन तासांपुरते बोलवा, बाकीचे घरच्यांनी करा. पण बोलावताना तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्या. बायकांच्या बाजूला कोण येणार. मूळ चित्रण आपल्याला पूर्ण मिळणार आणि त्यांच्या संगणकावरून कधी काढले जाणार. आणि आपल्या परवानगीशिवाय त्यातला एकही तुकडा त्यांच्या जाहिरातीच्या रीलमध्ये जाणार नाही. चांगला कामगार यावर रागावत नाही. उलट अशा शब्दाला जागणाऱ्याकडे पुढची चार घरे आपणहून जातात.

शेवटी सहा महिन्यांनी करायचे एक काम. पेनड्राइव्ह टीव्हीला लावून व्हिडिओ चालतो ना ते पाहा, आणि एक प्रत नव्या पेनड्राइव्हवर घ्या, कारण पेनड्राइव्ह कधी दगा देईल सांगता येत नाही. जुना फोन विकायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा असेल, तर आधी त्यातले समारंभ बाहेर काढा आणि विकताना फोन पूर्ण रिसेट करा.

पुढच्या महिन्यात याच सदरात : घरातल्या बुजुर्गांच्या जुन्या कॅसेट आणि पिवळे पडलेले फोटो कसे जपावेत. तोवर खुदा हाफिज.